साखर कारखान्यासारखा बिअरलाही 'उतारा' असतो, आणि घरी बिअर बनवणारे त्याच्यासाठी जीव टाकतात

मराठी माणसाला 'उतारा' म्हटलं की तीन-चार गोष्टी आठवतात. तलाठ्याकडचा सातबारा उतारा. दृष्ट काढून तिठ्यावर ठेवलेला उतारा. आदल्या रात्री जास्त झाली की सकाळी शोधला जातो तो उतारा. आणि माणूस ऊसपट्ट्यातला असेल तर कारखान्याचा उतारा, म्हणजे शंभर किलो ऊस गाळला तर किती किलो साखर पोत्यात पडली, तो आकडा. उसाची एफआरपी याच आकड्यावर ठरते, त्यामुळे कोल्हापूर-सांगलीकडे पोराटोरांनाही त्याचा अर्थ माहीत असतो.

विषय बिअरचा आहे म्हणून तुमच्या डोक्यात तिसरा उतारा आला असेल. पण इथे गोष्ट चौथ्याची आहे.

अमेरिकेत शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये गॅसची शेगडी पेटवून बिअर बनवणारे हजारो लोक आहेत. त्यातल्या कुणाही एकाचं चित्र डोळ्यासमोर आणा. त्याच्या रेसिपीत लिहिलंय, पाच किलो माल्ट घ्या, शेवटी २३ लिटर गोड पाणी तयार होईल आणि हायड्रोमीटर १.०४९ दाखवेल. हायड्रोमीटर म्हणजे द्रवात तरंगणारी काचेची नळी. पाण्यात साखर जास्त तर ती जास्त वर तरंगते, आणि साध्या पाण्यात बरोबर १.००० दाखवते.

गड्याने सगळं रेसिपीप्रमाणे केलं. पाच किलो माल्ट, २३ लिटर, सहा तासांची मेहनत. हायड्रोमीटर टाकला तर आकडा १.०३९.

दिसायला फरक फक्त दहाचा. पण यीस्टने साखर खाल्ल्यावर पहिल्या द्रवाची बिअर साधारण पावणेपाच-पाच टक्के अल्कोहोलची झाली असती, या दुसऱ्याची पावणेचार-चारची होईल. चवीलाही पातळ लागेल. माल्ट तेवढंच, पाणी तेवढंच. मग साखर गेली कुठे?

याचा हिशेब एका ओळीचा आहे. चांगल्या साध्या माल्टमधून प्रयोगशाळेत, पिठासारखं बारीक दळून, जास्तीत जास्त किती साखर निघते ते माहीत असतं. एका किलोला साधारण ३०० 'गुण' धरायचे. पाच किलोचे झाले १५००. आता हायड्रोमीटरचे शेवटचे दोन आकडे गुणिले लिटर: ४९ गुणिले २३ म्हणजे ११२७. पंधराशेपैकी अकराशे सत्तावीस, म्हणजे ७५ टक्के. आपल्या गड्याचे ३९ गुणिले २३ म्हणजे ८९७, जेमतेम ६० टक्के. या टक्केवारीला इंग्रजी जगात एफिशियन्सी म्हणतात. आपण उताराच म्हणू, कारण अर्थ तोच आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. अमेरिकेत हा छंद कायदेशीर झाला तो राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये केलेल्या एका सहीमुळे. दोन प्रौढ माणसं राहत असलेल्या घरात वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर बिअर स्वतःपुरती बनवायला केंद्राने परवानगी दिली. तरी राज्यांचे कायदे वेगळे होतेच, मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३ साली तयार झाली. ब्रिटनने घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ सालीच काढून टाकला होता. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तेव्हा पुढचं सगळं वाचण्यासाठी आहे, बादली आणि पातेलं शोधण्यासाठी नाही.

नाचणी सत्त्व करणाऱ्या आजीला हे अर्धं माहीत असतं

बार्ली म्हणजे जव. ते भिजवायचं, मोड आणायचे आणि मोड फार वाढायच्या आत गरम हवेत वाळवायचे. झालं माल्ट. लहान बाळासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतात, त्यात आणि यात तत्त्वाचा काही फरक नाही.

मोड येताना दाण्याच्या आत एन्झाइम तयार होतात. दाण्यातल्या पिठूळ भागाचे, म्हणजे स्टार्चचे, तुकडे करून साखर बनवायची हे त्यांचं काम. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलं तर गोड लागायला लागतो, तोही याच जातीच्या एन्झाइमचा प्रताप, फक्त तो आपल्या लाळेतला असतो.

माल्टमध्ये स्टार्च आहे आणि त्याला तोडणारे एन्झाइमही आहेत. पण दोघं कोरडे आहेत आणि एकमेकांना भेटलेले नाहीत. भरडलेलं माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर भिजवून ठेवायचं, म्हणजे ही भेट घडते. या क्रियेला मॅशिंग म्हणतात आणि त्या रबरबीत खिरीला मॅश. मग गोड पाणी निथळून घ्यायचं, चोथा बाजूला ठेवायचा. या गोड पाण्याचं नाव वॉर्ट. ते हॉप्स घालून उकळायचं, थंड करायचं, यीस्ट टाकायचं.

यावरून हरवलेल्या साखरेचा तपास सोपा होतो. ती दोनच ठिकाणी असू शकते. एक, स्टार्चची साखर झालीच नाही. दोन, साखर झाली, पण चोथ्यात अडकून राहिली. मॅशिंगच्या जेवढ्या म्हणून पद्धती जगात आहेत, त्या यातलं एक नाहीतर दुसरं भोक बुजवतात. आपण कुठलं भोक बुजवतोय हे न बघता लोक पद्धत बदलत बसतात, आणि आकडा हलत नाही म्हणून वैतागतात.

पहिलं भोक: साखर झालीच नाही

इथला पहिला संशयित नेहमी गिरणी.

माल्टचं पीठ करायचं नसतं, भरड करायची असते. दोन रुळांमधून दाणा चेपला गेला पाहिजे, आतला पांढरा भाग फुटून बारीक झाला पाहिजे, पण वरचं टरफल शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे. कारण पुढे गाळताना हीच टरफलं चाळणीचं काम करतात. घरगुती गिरणीत रुळांमधलं अंतर साधारण एक मिलिमीटर असतं. दुकानातून दळून आणलेलं माल्ट बऱ्याचदा यापेक्षा जाडसर असतं, कारण दुकानदाराला कुणाचीही गाळणी तुंबलेली नको असते. मग अख्खे दाणे तसेच राहतात, पाणी त्यांच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही आणि ते स्टार्च पोटात ठेवूनच चोथ्यात जातात.

उतारा कमी येत असेल तर सगळ्यात आधी मूठभर भरड हातात घेऊन बघा, हा सल्ला जुने-जाणते देतात तो यासाठी. अख्खे दाणे दिसले की रूळ थोडे जवळ आणायचे. काही जण दळायच्या आधी माल्टवर अगदी थोडं पाणी शिंपडतात. टरफल चिवट होतं, फाटत नाही, आणि आतलं मात्र बारीक दळता येतं.

दुसरा संशयित म्हणजे गुठळ्या. पिठलं करताना बेसन एकदम ओतलं तर काय होतं ते कुणालाही सांगायला नको. बाहेरून ओली, आतून कोरडी गुठळी. मॅशमध्ये तेच होतं, फक्त पातेलं मोठं असल्यामुळे गुठळ्या तळाशी लपतात. माल्ट थोडं थोडं घालत ढवळत राहणं, एवढाच इलाज. फुकटात दोन-चार टक्के मिळवून देणारी ही एकमेव युक्ती असेल, आणि तरी लोक आधी महागडा पंप विकत घेतात.

तिसरा संशयित पाणी. एन्झाइमना थोडं आंबट वातावरण लागतं, मॅशचा पीएच साधारण ५.२ ते ५.६ असला की ती नीट काम करतात. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर पीएच वर जातो आणि काम रेंगाळतं. काळपट भाजलेलं माल्ट स्वतः आंबट असतं, ते हा तोल सावरतं. डब्लिन, लंडन, म्युनिक या बायकार्बोनेटवाल्या पाण्याच्या शहरांत गडद बिअर रुजल्या आणि चेक प्रदेशातल्या प्लझेन्यच्या मऊ पाण्यात सोनेरी पिल्सनर जमली, त्यामागे हेही एक कारण आहे. आजचा घरगुती बिअरवाला थोडं जिप्सम किंवा लॅक्टिक अॅसिडचे काही थेंब घालून मोकळा होतो.

स्टार्चची साखर झाली की नाही हे तपासायला शाळेतलाच प्रयोग कामी येतो. बशीत चमचाभर द्रव, त्यावर आयोडीनचा थेंब. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे. भरड चांगली असेल तर बरंचसं काम पहिल्या अर्ध्या तासातच उरकतं, जाड असेल तर तासभरही कमी पडतो.

आणि तापमान? इथे फार गोंधळ आहे. ६४ अंशाला मॅश केलं की उतारा वाढतो, ६९ ला केलं की घटतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. माल्टमध्ये दोन मुख्य एन्झाइम असतात. बीटा अमायलेज साठ ते पासष्ट अंशांच्या आसपास खूश असतं आणि टोकापासून एकेक छोटी साखर कापत जातं. अल्फा अमायलेजला सत्तरच्या जवळची ऊब आवडते आणि ते मधूनच कुठूनही तोडतं, मोठे तुकडे ठेवून. हे मोठे तुकडे यीस्टला खाता येत नाहीत. ६४ वर केलेली बिअर कोरडी, हलकी होते. ६९ वरची भरीव, थोडी गोडसर लागते. पण यीस्ट टाकण्याआधी हायड्रोमीटर लावला तर दोन्हीकडे आकडा जवळपास सारखाच, कारण त्या नळीला छोटी साखर आणि मोठा तुकडा यातला फरक कळत नाही. तापमानाने किती साखर निघाली यापेक्षा कसली निघाली हे ठरतं.

टोकाला गेलं तर मात्र उतारा बुडतो. साठच्या खाली बार्लीचा स्टार्च नीट फुलतच नाही. आणि घाईघाईत उकळीचं पाणी माल्टवर ओतलं तर एन्झाइम मरतात, त्यांना परत जिवंत करता येत नाही. म्हणून आधी पाण्याचं तापमान काढून घेतात. वीस अंशांचं माल्ट, किलोला पावणेचार लिटर पाणी आणि मॅश ६७ ला हवा असेल तर पाणी साधारण ७२ अंशांचं लागतं. माल्ट पाच अंश खाऊन टाकतं.

तांदूळ घालायचा असेल तर अजून एक भानगड आहे. तांदळाचा स्टार्च फुलायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून कच्चा तांदूळ आधी शिजवावा लागतो. नाहीतर सरळ तांदळाचे पोहे घालायचे. पोहे होताना तांदूळ उष्णतेतून आणि दाबातून गेलेला असतो, त्यामुळे ते थेट मॅशमध्ये पडले तरी चालतात. कांदेपोह्यांचा हा असा उपयोग कुणाच्या डोक्यात आला नसेल.

थर्मामीटर नव्हता तेव्हाचा जुगाड

मग जुन्या काळी ६५ की ६८ हे कळायचं कसं? बव्हेरिया आणि बोहेमियातल्या लोकांनी यावर सुंदर तोड काढली होती. तापमान मोजता येत नाही, पण उकळी कधी फुटली ते डोळ्यांना दिसतं. मग मॅशचा ठरावीक हिस्सा, समजा एक तृतीयांश, वेगळ्या भांड्यात काढायचा, उकळायचा आणि परत मूळ मॅशमध्ये ओतायचा. सगळ्याचं तापमान एक पायरी वर चढतं. दर वेळी तेवढाच हिस्सा काढला तर पायरीही दर वेळी तेवढीच. या पद्धतीला डिकॉक्शन म्हणतात.

तिने उताराही वाढायचा. तेव्हाचं माल्ट आजच्याएवढं नीट मोड आलेलं नसायचं, दाण्यातले कठीण भाग तसेच राहायचे. उकळताना ते फुटायचे, आतला स्टार्च मोकळा व्हायचा, आणि उरलेल्या मॅशमधले जिवंत एन्झाइम त्याचा फडशा पाडायचे. १८४२ साली योसेफ ग्रोल या बव्हेरियन माणसाने प्लझेन्यमध्ये पहिली सोनेरी पिल्सनर बनवली. तिथल्या पिल्सनर उर्क्वेलमध्ये आजही तीनदा उकळण्याची पद्धत चालू आहे.

आजचं माल्ट कारखान्यातूनच इतकं चांगलं येतं की घरी डिकॉक्शन करून थोडेफार टक्के वाढतील, पण दोन-तीन तास जास्त जातील आणि तळाशी करपू नये म्हणून सतत ढवळत उभं राहावं लागेल. ज्यांना करायचंय ते चवीसाठी करतात. निव्वळ उताऱ्यासाठी करणं म्हणजे मच्छर मारायला तोफ.

दुसरं भोक: रस चिपाडातच राहिला

रसवंतीवाल्याकडे बघा. ऊस एकदा चरकातून काढून तो चिपाड फेकत नाही. दुमडतो, मध्ये आलं-लिंबू ठेवतो आणि पुन्हा घालतो. दुसऱ्यांदा बराच रस येतो, तिसऱ्यांदा थोडा. चौथ्यांदा घातला तर चरक कुरकुरतो आणि ग्लासात काही पडत नाही.

माल्टच्या चोथ्याचंही हेच आहे. एक किलो माल्ट साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतं. आणि ते साधं पाणी नसतं, साखरेचं असतं. पाच किलोचा चोथा म्हणजे पाच लिटर गोड वॉर्ट अडकलं.

समजा भांड्यात उकळायला २७ लिटर वॉर्ट हवं आहे, चार लिटर वाफ होऊन शेवटी २३ उरेल. कागदावर हिशेब करू.

पद्धत एक: सगळं ३२ लिटर पाणी एकदमच घालायचं आणि निथळायचं. ३२ पैकी ५ लिटर चोथ्यात राहिलं, म्हणजे साखरेचाही तेवढाच हिस्सा राहिला. हातात आली साधारण ८४ टक्के.

पद्धत दोन: आधी साडेअठरा लिटर पाण्यात मॅश, साडेतेरा लिटर काढून घ्यायचं. मग चोथ्यावर साडेतेरा लिटर गरम पाणी घालून ढवळायचं आणि पुन्हा निथळायचं. पहिल्या फेरीनंतर २७ टक्के साखर आत राहते, दुसऱ्या फेरीत त्यातलीही २७ टक्केच उरते. हातात ९३ टक्के आली.

असं दोनदा धुतलं तर? ९५.

पहिल्या धुण्याने नऊ टक्के मिळाले, दुसऱ्याने दोनच. इथे रसवंतीवाल्याची तिसरी फेरी आठवावी. प्रत्यक्षात आकडे याहून खाली येतात, कारण भांड्याच्या तळाशी वॉर्ट राहतं आणि पहिलं भोक पूर्ण बुजलेलं नसतं, पण पद्धतींमधला फरक साधारण असाच असतो.

चोथा धुण्याच्या या क्रियेला स्पार्जिंग म्हणतात. वर सांगितलेली बॅच पद्धत झाली, एकदम पाणी घाला, ढवळा, काढा. ओरेगॉनच्या डेनी कॉन यांनी पिकनिकचा साधा कूलबॉक्स वापरून ती करून दाखवली आणि ती घरोघरी पसरली. मोठ्या ब्रुअरीत मात्र वरून सतत बारीक फवारा आणि खालून तेवढाच निचरा चालू असतो. पाणी वरून खाली सरकताना साखर पुढे ढकलत नेतं. सगळं जमून आलं तर यात उतारा बॅचपेक्षाही थोडा जास्त येतो. पण जमून यावं लागतं. पाटाचं पाणी शेतात सोडलं आणि एका ठिकाणी बांध फुटला की ते तिथूनच पळतं, बाकीचं रान कोरडं. चोथ्यातही पाणी अशीच वाट काढतं आणि अर्धा चोथा न धुताच राहतो. शिवाय घाई केली की फसतं, तासभर तरी द्यावा लागतो.

तिसरी पद्धत ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी चालू शतकाच्या पहिल्या दशकात लोकप्रिय केली. एकच पातेलं, त्यात मोठी कापडी पिशवी, पिशवीत माल्ट. तासाभराने पिशवी उचलायची, टांगायची आणि पिळायची. चक्क्यासाठी दही फडक्यात बांधून टांगतात, तेच दृश्य. गाळणी कापडाचीच असल्यामुळे तुंबायची भीती कमी, म्हणून माल्ट बिनधास्त बारीक दळता येतं. म्हणजे पहिलं भोक आपोआप बुजतं. आणि पिळल्यामुळे पाचऐवजी अडीच लिटरच आत राहिलं, तर न धुताही हातात ९१ टक्के येतात. एकदा धुण्याच्या जवळपास! सगळ्यात गबाळी दिसणारी पद्धत सगळ्यात कमी भांड्यांत हे करून दाखवते, याचा कूलबॉक्सवाल्यांना जरा राग येतो.

गव्हाचं माल्ट घेतलं तर टरफलच नसतं, मग कूलबॉक्सची गाळणी चिखलासारखी बसते. त्यावर उपाय म्हणून भाताचं तूस मिसळतात. त्याने साखर मिळत नाही, पाण्याला वाट मिळते.

कडक बिअरचा उतारा कमीच येणार

समजा त्याच गड्याने जोरदार बिअर करायला पाचऐवजी दहा किलो माल्ट घेतलं. भांडं तेच, २७ लिटरचं. आता चोथा दहा लिटर धरणार. एकदा धुवूनही हातात ८२ टक्केच येतात, न धुता ७३. त्याची काही चूक नाही, धुवायला पाणीच उरलेलं नाही. पण हे माहीत नसलं की माणूस रेसिपीला, दुकानदाराला आणि शेवटी स्वतःला दोष देतो.

इंग्रजांनी याचा तोटा कधी मानलाच नाही. पहिल्या दाट पाण्याची कडक बिअर, तोच चोथा पुन्हा भिजवून आलेल्या पातळ पाण्याची घरात रोज प्यायची 'स्मॉल बिअर'. लंडनच्या फुलर्समध्ये एकाच मॅशचं पहिलं आणि नंतरचं पाणी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून अनेक बिअर बनवायची परंपरा अलीकडेपर्यंत टिकून होती.

एका काचेच्या नळीने काळी बिअर कशी बदलली

अठराव्या शतकातलं लंडन पोर्टरवर चालायचं. ही गडद बिअर तपकिरी माल्टपासून व्हायची, कारण ते स्वस्त पडायचं. निदान तसं वाटायचं. १७८४ साली जॉन रिचर्डसन यांनी बिअरवाल्यांसाठी हायड्रोमीटर कसा वापरायचा यावर पुस्तक काढलं, आणि लोक मोजायला लागले. मोजल्यावर कळलं की जोरात भाजलेल्या तपकिरी माल्टमधून फिकट माल्टपेक्षा बरीच कमी साखर निघते. फिकट माल्ट महाग, पण त्याचा उतारा इतका जास्त की साखरेच्या हिशेबात तेच स्वस्त.

झालं, सगळे फिकट माल्टकडे वळले. पण मग पोर्टर काळी कशी दिसणार? काळा रंग आणायला नाही नाही ते मिसळायला सुरुवात झाली. १८१७ मध्ये डॅनिएल व्हीलर यांनी कॉफीसारखं ड्रममध्ये भाजून काळंकुट्ट माल्ट करायचं पेटंट घेतलं. ते चिमूटभर टाकलं की रंग येतो, बाकीचं सगळं फिकट माल्ट. आजच्या स्टाउटचा काळा रंग बऱ्याच अंशी तिथून आलेला आहे.

डब्लिनच्या गिनीज कंपनीची गोष्ट तर त्याहून भारी. विल्यम गॉसेट हा ऑक्सफर्डमधून शिकलेला पोरगा १८९९ मध्ये तिथे नोकरीला लागला. माल्टचा उतारा मोजायचा तर नमुने घ्यावे लागतात, आणि प्रत्येक नमुना थोडा वेगळा आकडा देतो. मग दोन नमुने पुरेत, की चार, की दहा? मोजक्या नमुन्यांवर किती विश्वास ठेवायचा, या प्रश्नाच्या मागे लागून त्याने जे गणित मांडलं ते १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने छापून आलं, कारण कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला पोरांना छळणारी 'स्टुडंट्स टी-टेस्ट' ती हीच.

मग ९५ टक्के काढायचे का?

काढता येतात. पण शेवटचे टक्के पिळायच्या नादात चोथा पुन्हा पुन्हा धुतला की साखर संपत येते, पाण्याचा आंबटपणा जातो, पीएच सहाच्या वर सरकतो. त्यात पाणी ७७ अंशांपेक्षा गरम असेल तर टरफलातलं टॅनिन उतरायला लागतं. कडक चहा फार वेळ उकळल्यावर जिभेला जी तुरट पकड बसते, तीच बिअरमध्ये. म्हणून निथळणाऱ्या पाण्याचा हायड्रोमीटर १.०१० च्या खाली आला की जाणकार नळ बंद करतात, आत साखर आहे हे माहीत असूनही. डिकॉक्शनमध्ये तर टरफलासकट उकळतात, मग तिथे तुरट का होत नाही? कारण तो मॅश दाट आणि आंबट असतो, पीएच खालीच राहतो.

मोठ्या ब्रुअरीला एक टक्का म्हणजे वर्षाला ट्रकच्या ट्रक माल्ट. गॅरेजमधल्या माणसाला ६५ वरून ७५ वर जायची किंमत एका खेपेला पाऊण किलो माल्ट, तो विषय चिल्लरचा आहे. त्याचं खरं दुखणं वेगळंच असतं. एका शनिवारी ६०, पुढच्या शनिवारी ७८, तर कुठलीच रेसिपी दोनदा सारखी होत नाही. कायम ७० येणारा माणूस निवांत असतो. रेसिपी ७५ धरून लिहिली असेल तर तो पाच किलोऐवजी पाच किलो साडेतीनशे ग्रॅम माल्ट घेतो आणि हायड्रोमीटर १.०४९ दाखवतो.

आपल्या १.०३९ वाल्या गड्याने पुढच्या शनिवारी एका वेळी एकच गोष्ट बदलायची आहे. आधी गिरणीचे रूळ जरा जवळ. आकडा हलला नाही तर पीएच. त्यानंतर धुण्याची पद्धत. वहीत प्रत्येक वेळचा आकडा लिहायचा. आणि या शनिवारी फसलेल्या २३ लिटरचं काय? उकळत्या भांड्यात अर्धा किलो सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट घातलं की आकडा आठच्या आसपास चढतो आणि बिअर वाचते. चोथा शेजारच्या कोंबड्यांना जातो. त्यात राहिलेली साखर त्यांच्या वाट्याला.